तिकिटं चिकटवण्यापासून कॅशबॅकपर्यंत

गेल्या महिन्यात माझ्या क्रेडिट कार्डावरचे रिवॉर्ड पॉइंट्स एक्सपायर झाले. रिडीम करायचं राहूनच गेलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग ते तुझे होतेच कुठे?" म्हटलं, याचा इतिहास बघूच.

1896 साली अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन कंपनी सुरू झाली. तिची 'ग्रीन स्टॅम्प्स' म्हणजे हिरवी तिकिटं. दुकानदार ती कंपनीकडून विकत घ्यायचे आणि खरेदीवर गिऱ्हाइकाला द्यायचे. लोक ती घरी वहीत चिकटवायचे. वह्या भरल्या की केंद्रावर जाऊन घरातली वस्तू आणायची. कंपनीला पैसे आधीच मिळालेले. त्यामुळे जी तिकिटं ड्रॉवरमध्येच पडून राहिली, त्यांचा फायदा कंपनीलाच!

1986 मध्ये सिअर्सने डिस्कव्हर कार्ड देशभर आणलं. खर्चाचा छोटा हिस्सा रोख परत. डिंक गेला, पण हिशोब तोच. आपण कार्ड वापरलं की दुकानदाराकडून फी कापली जाते, त्यातलाच एक तुकडा आपल्याला मिळतो. तोही बऱ्याचदा मागितला तरच.

म्हणजे आईचं बरोबर होतं. रिडीम करेपर्यंत ते पॉइंट्स माझे नव्हतेच. आता एपिसोड पॉज करा, ॲप उघडा आणि एक्सपायरी डेट बघा. मी थांबतो.