अर्धायुष्यकालाची कुळकथा

शालान्त वर्गाच्या भौतिकशास्त्रात अर्धायुष्यकाल हा एका सूत्राच्या आणि उतरत जाणाऱ्या वक्ररेषेच्या सोबतीने येतो, आणि जे द्रव्य एका मिनिटात निम्मे झाले ते दोन मिनिटांत संपलेच पाहिजे, असा त्रैराशिकाचा हिशेब विद्यार्थी मांडून बसतात. परंतु या कल्पनेच्या जन्मवेळी सूत्र नव्हते, होती ती वाऱ्याच्या झुळुकीने उत्पन्न केलेली एक अडचण.

1899 साली मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात, धूम्रपानाचा स्वतः तिटकारा असलेल्या मॅक्डोनाल्ड या तंबाखूच्या मातब्बर व्यापाऱ्याच्या देणगीतून उभारलेल्या प्रयोगशाळेत, अर्नेस्ट रदरफर्ड आणि विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक ओवेन्स हे थोरियमचा, म्हणजे गॅसबत्तीच्या मॅन्टलमुळे तेव्हा बाजारात खपणाऱ्या धातूच्या संयुगांचा, किरणोत्सर्ग मोजीत होते. दार उघडले की मापे ढळतात, हे ओवेन्स यांच्या ध्यानी आले. दार बंद ठेवून काम पुढे रेटणे सोपे होते. रदरफर्ड यांनी मात्र त्या झुळुकीचाच माग काढला. कागदात गुंडाळलेल्या थोरियम ऑक्साइडवरून त्यांनी हवेचा मंद प्रवाह नेला, तो कापसाच्या बोळ्यातून गाळून एका बंद पात्रात सोडला, आणि मग प्रवाह थांबवून पात्रातील विद्युत्-धारा मोजीत राहिले. कागदाला आणि कापसाला न जुमानता पार होणारे काही वायुरूप द्रव्य त्या पात्रात शिरले होते, आणि त्याची क्रिया सुमारे एका मिनिटात निम्मी, पुढल्या मिनिटात त्या निम्म्याची निम्मी, अशी क्षीण होत होती. 1900 च्या जानेवारीत हा वृत्तान्त छापून आला.

पुढे फ्रेडरिक सॉडी हे रसायनज्ञ येऊन मिळाले. 1901 च्या नाताळापूर्वी दोघांनी थोरियमपासून एक तीव्र क्रियाशील अंश वेगळा काढून ठेवला होता. सुट्टीनंतर पाहतात तो त्या अंशाचे तेज लोपलेले आणि निस्तेज केलेल्या थोरियमला ते परत लाभलेले. मोजणी केली, तेव्हा लोपणे आणि लाभणे या दोन्ही क्रियांची निमपटीची मुदत, म्हणजेच अर्धायुष्यकाल, एकच, सुमारे चार दिवसांची, निघाली, आणि अणू स्वतःच पालटून दुसऱ्या मूलद्रव्याचा होतो, हा निष्कर्ष 1902 मध्ये त्यांनी निःसंकोच मांडला.

मला स्वतःला 1905 साली श्वाइडलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने या निमपटीचा दिलेला खुलासा सर्वांत गहन वाटतो. तालुक्याच्या मृत्यूंच्या नोंदींवरून पुढील वर्षी साधारण किती माणसे जातील, हे सांगता येते, कोण जाईल, हे नव्हे. येथवर अणूंचेही तसेच, परंतु माणूस म्हातारा होतो आणि अणू कधीच म्हातारा होत नाही. कोट्यवधी वर्षे टिकलेल्या अणूला पुढल्या क्षणी फुटण्याचा संभव नव्याने जन्मलेल्या त्याच जातीच्या अणूइतकाच असतो, म्हणूनच उरलेल्यांतून दर मुदतीत निम्मेच जातात आणि विद्यार्थ्याचे त्रैराशिक येथे चालत नाही.

हाच हिशेब पुरातन कोळशालाही लागू पडतो. कर्ब-14 या किरणोत्सर्गी कर्बाची निमपटीची मुदत 5730 वर्षांची आहे. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या सर्वांत जुन्या थरांचा काळ सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या मुदतीपेक्षा बराच अलीकडचा, असल्यामुळे तेथल्या कोळशात मूळच्या कर्ब-14 पैकी जवळजवळ दोन-तृतीयांश अंश अद्याप शिल्लक आहे.