तबकडीचा फोन आणि नवे एक्सचेंज

काळ्या, जड टेलिफोनची तबकडी कुठे मिळाली तर मुलांना जरूर फिरवू द्यावी. पाचच्या भोकात बोट घालून तबकडी ओढून सोडली, की परतताना ती तारेतला प्रवाह पाच वेळा तोडते. शून्यासाठी दहा वेळा, सेकंदाला साधारण १० या वेगाने. जुन्या स्ट्रोजर एक्सचेंजमध्ये याच पल्स यंत्राचे हात पायरीपायरीने वर सरकवीत. तबकडी आणि एक्सचेंज जणू एकाच यंत्राची दोन टोके होती.

१९६३ मध्ये अमेरिकेत बटनांचे फोन विक्रीस आले. त्यांत प्रत्येक बटनाला दोन सूर असतात. ५ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि १९८६ मध्ये तिचे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्सचेंज बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झाले. १९९०च्या दशकात अशी इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजे कोकणातही पसरली. रत्नागिरी, राजापूर, गुहागरच्या कचेऱ्यांतले तबकडीचे फोन मग भंगारात का गेले नाहीत? नव्या एक्सचेंजला सूर ओळखता येत होते, आणि पल्स मोजण्याची सोयही मुद्दाम ठेवलेली होती. हँडल फिरवून ऑपरेटरला बोलावणाऱ्या फोनांना मात्र ही सवलत मिळाली नाही. ते बदलावेच लागले.

सवलत अर्धीच होती. तबकडीवर * आणि # नाहीत, त्यामुळे या खुणा लागणाऱ्या नव्या सोयी तिला बंद. ‘मराठीसाठी एक दाबा’ असे पलीकडून सांगणाऱ्या यंत्रापुढेही ती मुकीच, कारण पल्स एक्सचेंजपाशीच मोजून संपतात. सूर मात्र आवाजासारखे पलीकडे पोचतात.

संगणकाच्या भाषेत फोन हा क्लायंट आणि एक्सचेंज हा सर्व्हर. मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडताना संभाषण गुप्त राहावे म्हणून दोघे आधी एक बोली ठरवतात. क्लायंट आपल्याला येणाऱ्या आवृत्त्या सांगतो, सर्व्हर त्यांतली दोघांनाही जमणारी नवी आवृत्ती निवडतो. १९९६ची एसएसएल ३, १९९९ची टीएलएस १.०, २००८ची १.२, २०१८ची १.३, असा या बोलीचा वंश आहे.

इथे मात्र जुन्याला सांभाळून घेणे अंगाशी आले. जोडणी जमली नाही की ब्राउझर आपणहून जुन्या आवृत्तीत पुन्हा प्रयत्न करीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘पूडल’ हा हल्ला जाहीर केला. मधला लबाड मुद्दाम जोडणी तोडत राही, मग दोघेही नवे असूनही एसएसएल ३ वर उतरत आणि तिच्यातल्या दोषामुळे गुप्त मजकूर थोडाथोडा फुटे. तबकडी चालू ठेवल्याने शेजाऱ्याच्या फोनला धोका नव्हता. इथे जुने दार उघडे ठेवले की नव्यांच्या घरातही चोर शिरे. म्हणून २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ बंद केल्या. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत नवा फोन घेणे न परवडणाऱ्याने मोजली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरातला जुना फोन हाच अनेक मुलांचा वर्ग झाला. त्याच सुमारास आणखी एक अडचण उभी राहिली. संकेतस्थळांना ओळखपत्रे मोफत देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या प्रमाणपत्रांना ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार होता, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ला संपणार होती. संस्थेचे स्वतःचे नवे मूळ प्रमाणपत्र ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइड फोनांना माहीत नव्हते, आणि २०२०च्या आकड्यांनुसार असे फोन सुमारे एक तृतीयांश होते. नव्या यादीसाठी फोनचे सॉफ्टवेअर बदलायला हवे, आणि जुन्या फोनला ते कंपनीकडून येत नाही.

तोड निघाली ती मजेदार. अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासतच नाही! तेव्हा मुदत संपणाऱ्या त्या मुळाच्याच सहीने नव्याला आणखी तीन वर्षांचा दाखला देण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये तोही संपला. नवे मूळ ओळखणारे अँड्रॉइड फोन २०२३ पर्यंतच ६६ वरून जवळजवळ ९४ टक्क्यांवर गेले होते. उरलेल्यांसाठी संस्थेने ही सोय पुन्हा वाढवली नाही.