व्हिडिओ कॅसेटचे डिस्कवर रूपांतर

व्हीएचएस, व्हिडिओ-८ यांसारख्या चुंबकीय फितींवरील घरगुती चित्रण अंकीय स्वरूपात आणून डीव्हीडीवर उतरवण्याची प्रक्रिया. जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये जपानात आणलेली व्हीएचएस पद्धत भारतात १९८०च्या दशकात रुजली. लग्न, मुंज, बारसे यांच्या कॅसेट घरोघरी जमल्या. त्या लावायचे व्हीसीआर मात्र नंतर भंगारात गेले. व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई या शेवटच्या ज्ञात जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे या कामातली खरी अडचण डिस्कची नसून सुस्थितीतला व्हीसीआर मिळण्याची आहे.

व्हीएचएसची फीत १२.७ मिमी रुंद असते. भारतातल्या पाल (PAL) या चित्रसंकेत पद्धतीत व्हीसीआरचा ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या घेतो आणि त्यावरील हेड फितीवरच्या तिरक्या रेघा वाचतात. फीत ताणलेली किंवा सुरकुतलेली असली की चित्राचा वरचा भाग वाकतो, पडद्यावर मुंग्या येतात. ट्रॅकिंग जुळवल्याने काही दोष कमी होतात. चित्राची थरथर आवरण्यासाठी टाइम बेस करेक्टर वापरतात; गल्लीतल्या स्टुडिओत तो क्वचितच असतो.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी पूड दिसली, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. हेड खराब होतातच, शिवाय पुढच्या कॅसेटनाही बुरशीचा प्रसाद मिळतो. फीत आधी कोरडी करून साफ करावी लागते. कॅसेट निरोगी असली तरी मागची प्लास्टिकची पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर नवे रेकॉर्डिंग होत नाही.

व्हीसीआरचे चित्र-ध्वनीचे संकेत डीव्हीडी रेकॉर्डरला किंवा कॅप्चर कार्डामार्फत संगणकाला देतात. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतातच. तेवढे सगळे ४.७ जीबीच्या एका डिस्कवर कोंबले, तर हालचालीच्या दृश्यांत चौकोन फुटतात; दोन डिस्क वापरणे शहाणपणाचे. डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते, पण व्हीएचएसमध्ये आडवा तपशील सुमारे २४० रेषांइतकाच सामावतो, म्हणून डिस्कवर घेतल्याने चित्र अधिक स्पष्ट होत नाही. मिनीडीव्ही कॅसेटवरील चित्रण मुळातच अंकीय असल्याने फायरवायरने ते जसेच्या तसे संगणकात उतरते.

लग्नाच्या कॅसेटची गोष्ट वेगळी आहे. घरी मिळणारी कॅसेट बहुधा कॅमेऱ्यातल्या मूळ फितीची संपादित प्रत असते, म्हणजे एक पिढी उतरलेली. त्यात मिक्सरवरचे बदाम-फुलांचे इफेक्ट आणि वर सिनेमाची गाणी; या गाण्यांखाली मंगलाष्टकेच नव्हे, तर आजोबांचा आवाजही गाडला गेलेला असू शकतो. मूळ फीत स्टुडिओत किंवा माळ्यावर सापडली, तर रूपांतर तिचेच करावे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट एनटीएससी या पालहून वेगळ्या पद्धतीच्या असतात; त्यांना मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो.

रूपांतर झाले म्हणून कॅसेट फेकून देणे ही सर्वांत महागडी चूक. २०००च्या सुमारास अनेकांनी लग्नाच्या व्हीसीडी करून घेतल्या. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम चतुर्थांश. ज्यांनी कॅसेट जपली, त्यांना पुन्हा चांगली प्रत काढता आली. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थरही ऊन आणि उष्णतेने बिघडतो, आणि नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायला जागाच नसते. म्हणून डीव्हीडी पाहण्यासाठी, कॅप्चरची मोठी फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि कॅसेट उभी, कोरड्या कपाटात, अशी विभागणी करतात.