रात खंय करूची?

पुढच्या मे महिन्यात मी आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडला जाणार आहे. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. हॉटेलांऐवजी भाड्याची मोटरहोम घ्यायची ठरलीय, म्हणजे पलंग, शेगडी, बेसिन सगळं आत असलेली गाडी. स्कॉटलंड निवडण्यामागे साधं कारण होतं. तिथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात आणि साडेतीन टनांपर्यंतची मोटरहोम आपल्या लायसन्सवर चालवता येते. बाबांनी मालवण आगारात ३१ वर्षं एसटी चालवली. त्यांना आठ दिवस खिडकीशी बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच झाली असती.

गणपतीत घरी गेलो तेव्हा ओटीवर बसून त्यांना फोनवर रूट दाखवला. 'नॉर्थ कोस्ट ५००' नावाचा, इन्व्हरनेसपासून निघून किनाऱ्याने फिरून परत इन्व्हरनेसला येणारा, सुमारे ८३० किलोमीटरचा रस्ता. २०१५ साली पर्यटनासाठी त्याला हे नाव मिळालं. पुढे स्काय बेट आणि एडिंबरा. मी सगळं दिवसाला साडेतीनशे किलोमीटर या हिशेबात बसवलं होतं.

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ता बरा आसा. पण रात खंय करूची?"

म्हणजे रात्र कुठे काढायची? मी म्हटलं, गाडीतच झोपायचंय ना, कुठेही थांबू. ते हसले. ज्याने वस्तीची गाडी चालवलीय, त्याला 'कुठेही थांबू' हे पटणारच नाही.

वस्तीची गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळची शेवटची एसटी आडगावात जाते, तिथेच रात्री मुक्काम करते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर कधी गाडीतच झोपतात, कधी देवळात. आमच्याकडची मोटरहोम हीच. तिचा रूट ठरतो तो रात्र कुठे होणार यावरून.

वीस मिनिटांचं उत्तर

माझ्या फोनमधल्या नकाशाच्या मागे जे गणित आहे, ते एड्सगर डाइक्स्ट्रा या डच माणसाने १९५६ साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना सोडवलं. वय २६, हातात कागद-पेन्सिलही नाही, वेळ लागला वीसेक मिनिटं. प्रश्न होता, रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? ते गणित १९५९ साली छापून आलं. इंजिनिअरिंगला आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं. गावं म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेघा, आणि प्रत्येक रेघेला एक वजन. सगळ्यात कमी वजनाचा मार्ग शोधायचा.

शोधण्याचं काम मशीन करतं. पण वजन कशाचं धरायचं? किलोमीटरचं, मिनिटांचं, पैशाचं, की भीतीचं? हे माणसालाच ठरवावं लागतं. मालवणला यायच्या रस्त्यांचा इतिहास बघितला तर तो या वजनांचाच इतिहास आहे.

जेव्हा रस्ता पाण्यातून होता

मालवणचा पहिला मोठा रस्ता समुद्र. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्यामागे एक कारण इथले बुडालेले खडक होते. खडकांमधली वाट ज्याला ठाऊक, त्यालाच किल्ल्याजवळ येता येई. वाटेची माहिती हीच तटबंदी होती.

मग आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायची आणि पुढे वेंगुर्ल्याला जायची. बोट बाहेर नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्याला यायच्या. गिरणीत कामाला गेलेल्या पिढीचं गाव-मुंबई नातं या बोटींनी टिकवलं.

पण वर्षातले तीन-साडेतीन महिने हा रस्ताच नसायचा. पावसाळ्यात बोटी बंद. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला की पुन्हा सुरू. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ते अंतर दीड-दोन तासांचं होतं. मुंबई ते मालवणचा अख्खा किनारा आषाढात कोण पार करणार?

माझे पणजोबा आषाढात गेले. आजोबा परळच्या गिरणीत होते. तार मिळाली, पण बोट नाही. मुंबईहून रेल्वेने कोल्हापूर, तिथून मिळेल त्या गाडीने फोंडा घाट उतरायचा, आणि मधल्या नदीला पूर असेल तर अलीकडे बसून राहायचं. ते चौथ्या दिवशी पोचले. आजी सांगायची, आल्यावर ते रडले नाहीत, नुसते ओल्या कपड्यांनी पडवीत बसून राहिले. नकाशावरचं अंतर तेव्हाही तेवढंच होतं. महिना बदलला आणि रेघेचं वजन बदललं.

वेंगुर्ल्याचं काय झालं

वजन बदललं की गाव बसतं किंवा उठतं. वेंगुर्ला आज शांत, देखणं गाव आहे. पण १६३७ साली डचांनी तिथे वखार घातली होती, आणि इंग्रजांच्या काळात घाटावरच्या बेळगाव-धारवाडकडचा माल आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात यायचा. बेळगावच्या लष्करी छावणीसाठीही हेच बंदर.

१८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यानंतर दहाएक वर्षांत मुरगाव बंदरापासून घाट चढून जाणारी रेल्वे झाली आणि घाटावरच्या रेल्वेला जोडली गेली. बैलगाडीने आंबोली उतरण्यापेक्षा रेल्वेने मुरगाव स्वस्त पडू लागलं. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. वेंगुर्ल्याचं बंदर जागेवरच होतं, आंबोलीचा घाटही होता. फक्त शेजारी एक हलकी रेघ तयार झाली.

परदेश इथेच होता

आम्ही आता व्हिसाच्या फॉर्मवर 'यापूर्वी परदेश प्रवास?' या रकान्यात 'नाही' लिहितोय. पण १९ डिसेंबर १९६१पर्यंत परदेश आमच्या जिल्ह्याच्या खालच्या टोकालाच होता. बांदा, सातार्डा, आरोंदा ही सरहद्दीवरची गावं. पलीकडे पोर्तुगालचं राज्य. या गावांची सोयरीक पलीकडे, देव पलीकडे, बाजारही पलीकडे. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीकडे गेले आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. मग भारताने सरहद्द बंद केली. काल चालत जायचं गाव आज मुंबईहून लांब झालं.

तेरेखोलचा किल्ला याची आठवण म्हणून बघावा. तो नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला आहे, पण पोर्तुगीजांकडे होता म्हणून आजही गोव्यात. गोव्याहून तिथे जायचं तर फेरीबोट पकडा किंवा नदीला वळसा घालून महाराष्ट्रातून जा. राज्यकर्ते गेले, तरी त्यांची रेघ आजही गाडीला वळसा घालायला लावते.

पूल कसो आसा?

पुढे बोटी थांबल्या. मुंबई-गोवा हायवे आला, १९९८च्या २६ जानेवारीपासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. दोन्ही मालवणला टाळून गेल्या. किनाऱ्याजवळ खाड्या रुंद, आत सह्याद्रीकडे नद्या अरुंद. पूल आतल्या बाजूला बांधणं सोपं. म्हणून कणकवली, कुडाळ रुळावर आले आणि एके काळी बोट घेणारं मालवण कुडाळ स्टेशनपासून सुमारे तीस किलोमीटरवर राहिलं. मालवणच्या शाळेतली आमची पोरं 'आमच्याकडे रेल्वे आहे' म्हणायची, पण कधी दिसायची नाही.

किनाऱ्याने जाणारा रेवस ते रेडी सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून गाजतोय. त्याचंही अडलं ते खाड्यांपाशी. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की कर्ली नदीपलीकडे भोगवे दिसतं. होडीने काही मिनिटं. गाडीने मात्र नेरूरपारच्या पुलावरून वळसा, तासाभराहून जास्त.

बाबांच्या हिशेबात पुलाला वेगळं वजन आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. बाबा तीन दिवसांपूर्वी मुंबईची गाडी घेऊन त्याच पुलावरून आले होते. त्या रात्री ते घरी होते. सकाळी टीव्ही बघताना ते एवढंच म्हणाले, "काळोखात पूल नाय हा ता दिसताच नाय." तेव्हापासून कुणीही रस्त्याचं विचारलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, पूल कसा आहे?

त्यामुळे माझ्या यादीत 'उल्लापूल' हे गाव वाचल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हो पूल कसो आसा?" आई हसून हसून बेजार. ते १७८८ साली हेरिंग माशांच्या धंद्यासाठी वसवलेलं बंदर आहे, हे कळल्यावर मात्र म्हणाले, मग तिथे एक वस्ती घाल.

नवा रूट

आम्ही रूट नव्याने केला. बाबांनी जुन्या डायरीत ड्युटीसारखे रकाने पाडले: कुठून, कुठे, पूल, घाट, वस्ती. दिवसाला सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, कारण तिथले बरेच रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत आणि समोरून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबून वाट द्यायची असते. "म्हणजे आपलोच रस्तो," बाबा म्हणाले. तिथे डोंगरात फिरायची मोकळीक कायद्याने आहे, पण ती पायी माणसाला, मोटारीला नाही. म्हणून प्रत्येक रात्रीची जागा आधी बुक.

ॲपलक्रॉस नावाच्या गावाला जायला 'बॅलाख ना बा' हा घाट आहे. नावाचा अर्थ गुरांचा घाट. आपल्या घाटांतून मीठ वर आणि धान्य खाली नेणारे बैलांचे तांडे जायचे, तसाच. चढ काही ठिकाणी पाचास एक, वर ६२६ मीटर, आणि पायथ्याशी मोठ्या गाड्यांना न जाण्याचा सल्ला देणारी पाटी. माझं ॲप तिथूनच नेत होतं, कारण जवळ पडतं. मला वाटलं, ज्यांनी आंबोली, फोंडा, करूळ धुक्यात उतरवले, ते हट्ट धरतील. बाबांनी फोटो बघितले आणि घाट खोडला. "भाड्याची गाडी, अनोळखी ब्रेक, आणि आई मागे. किनाऱ्यान जाऊया." किनाऱ्याचा रस्ता १९७०च्या दशकात पूर्ण झाला. त्याआधी हा घाट हीच त्या गावाची एकमेव गाडीवाट होती.

एक वळसा मात्र त्यांनी स्वतः घालायला लावला. काइलस्कू इथे १९८४ साली पूल झाला. तोवर फेरीबोट होती, आणि ती चुकली तर दीडशे किलोमीटरहून जास्त फेरा. त्या पुलावरून बाबांना दोनदा जायचंय. जायचं, वळायचं, पुन्हा यायचं.

डाइक्स्ट्राच्या पद्धतीत एक अट असते. कुठल्याही रेघेचं वजन शून्याच्या खाली असता कामा नये, नाहीतर उत्तराची खात्री नाही. पण असे रस्ते असतात, ज्यांवरून गेल्याने काही खर्च होत नाही, उलट मिळतं. ते यंत्राला देता येत नाहीत, म्हणून आम्ही डायरीत लिहिलेत.

डायरीचा आठव्या दिवसाचा वस्तीचा रकाना अजून रिकामा आहे. बाबांनी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय आणि रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, रात खंय करूची ता बघलंस काय?