सुधाकर पडला तो कुठे?

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी, चर्चासत्रातल्या निबंधासाठी किंवा पीएच.डी.च्या आराखड्यासाठी ‘एकच प्याला’ हा विषय घेतला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : सुधाकराचा प्रमाद कोणता? मग ॲरिस्टॉटल येतो, ब्रॅडलेची १९०४ साली प्रसिद्ध झालेली व्याख्याने येतात, ऑथेल्लो येतो, आणि शेवटी निबंधकर्ता निष्कर्ष काढतो की सुधाकराला त्याचा मानीपणा भोवला, दारू केवळ निमित्त. दुसरा निबंधकर्ता म्हणतो, छे, दारू हीच खरी खलनायिका. या दोन निष्कर्षांच्या मध्ये आमची विद्यापीठीय समीक्षा फेऱ्या मारीत बसली आहे. मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतलेली नाही. असे निबंध मी गठ्ठ्याने तपासले आहेत, आणि विद्यार्थी असताना त्यातलाच एक पाठ करून चांगले गुणही मिळवले आहेत.

विषय निवडणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे कोणी समजू नये. कोणाच्या दुःखाची चिकित्सा करायची आणि कोणाचे दुःख गृहीत धरून पुढे जायचे, हे विषय निवडतानाच ठरून जाते. आमच्याकडे या वाटणीची एक न लिहिलेली रीत आहे. शोकांतिका, संगीत नाटक, देवल, गडकरी, शिरवाडकर हे एका बाजूच्या विद्यार्थ्यांचे. दलित नाटक, जलसे, आत्मकथने ही आमच्या मुलांची. “तुझ्या जवळचा विषय घे,” असे मार्गदर्शक मायेने सांगतात. या मायेत वेस आखलेली असते. गावात आमची वस्ती शेवटी, वाङ्मयाच्या इतिहासातही आमचे प्रकरण शेवटी. दलित नाटकावर आमच्या मुलांनी लिहिलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण गडकरी वाचण्याचा, त्यांना उलटे प्रश्न विचारण्याचा हक्क आम्ही कोणाच्या नावावर करून दिलेला नाही.

या वाटणीला इतिहास आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद जोतीरावांनीच पुढे ‘गुलामगिरी’त केली. हे नाटक छापील रूपात वाचकांपुढे आले ते १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’मधून. म्हणजे १२४ वर्षांनी! मधल्या काळात १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि मराठी शोकांतिकेची सुरुवात तेथून मोजली जाऊ लागली. नायक पेशवा, आणि अखेरीस सती जाणारी रमाबाई. ‘तृतीय रत्न’मधले कुणबी नवराबायको जोशाकडून लुबाडले जातात, पण मरत नाहीत. ती दोघे शेवटी जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेची वाट धरतात. ज्याचा विनाश झाला तो नायक ठरला. जो शाळेत गेला त्याचे काय करायचे, हे आमच्या नाट्यविचाराला सुचले नाही.

आता ‘एकच प्याला’चा काळ पाहा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यानंतर चारच दिवसांनी, २७ जानेवारीला, बाबासाहेब आंबेडकर मुंबईत साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराबद्दल साक्ष देत होते. फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्याला केला. गणपतराव बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू. या बालगंधर्वांच्या लहानपणाचा काही काळ आमच्या जळगावात गेला. मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे त्यांनी येथेच घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि ‘सिंधू आमच्या गावची’ असे म्हणणारी म्हातारी माणसे मी ऐकली आहेत.

आणि तेच बडोदे! १९१७ मध्ये बाबासाहेब तेथे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले होते. राहायला जागा मिळेना, म्हणून जात लपवून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. मग कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. त्यांना शिकायला परदेशी पाठवले होते सयाजीरावांनी, आणि गंधर्व नाटक मंडळीला राजाश्रय होता तोही सयाजीरावांचाच. एका विद्वानाला एका नगरातून असे निघावे लागले, आणि दोन वर्षांच्या आत त्याच नगरातले प्रेक्षक एका बुद्धिमान वकिलाच्या अपमानासाठी डोळे पुसत होते. त्या प्रेक्षकांचे अश्रू खोटे होते असे मला म्हणायचे नाही. ते कोणत्या अपमानासाठी तयार होते, एवढेच पाहायचे आहे.

कारण सुधाकर दारूकडे वळतो तो अपमानामुळेच. कोर्टात खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, आणि ते शल्य विसरायला तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. (हा तळीराम पुढे इतका लोकप्रिय झाला की वर्तमानपत्रे आजही दारुड्याला त्याच नावाने ओळखतात. नाटकातली इतर कोणतीही व्यक्ती भाषेत अशी मुरली नाही.) समीक्षक विचारतात, एवढ्याशा अपमानाने माणसाचा एवढा नाश कसा व्हावा? मला प्रश्न पडतो तो वेगळा. अपमान आयुष्यात पहिल्यांदाच होणे हे कोणाच्या वाट्याला येते? शिकून, सनद घेऊन, संसार थाटेपर्यंत ज्याला कोणी ‘बाजूला हो’ म्हटलेले नाही, त्यालाच पहिल्या धक्क्याने असे कोसळता येते. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकासाठी कीर्ती आणि वैभव मागितले. सुधाकराकडे वैभव फार नाही. अपमानाची सवय नसणे हीच त्याची उंची आहे.

सनदेचेही तसेच. सुधाकराची सनद जाते हा नाटकातला पहिला आघात. बाबासाहेब १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, परंतु सनदेसाठी पैसा नव्हता. नवल भथेना या मित्राच्या मदतीने ती मिळाली आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देईनात. हेच बॅरिस्टर ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले. दरवर्षी त्या तारखेला खानदेशातून माणसे तेथे जमतात. लहानपणी मीही गेलो आहे. वकिलाच्या आगमनाचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या लोकांना सनद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पण ‘एकच प्याला’मधल्या सनदेवर यातल्या कोणी निबंध लिहावा, असे आजवर कोणाला सुचले नाही.

आता नाटकातल्या जात्याकडे वळतो. सुधाकराने सिंधूला घातलेली शपथ अशी, की माहेरचा किंवा परक्याचा एक पैसाही घ्यायचा नाही. ती श्रीमंत घरची मुलगी. शपथ पाळते आणि पोटासाठी लोकांचे दळण दळते. नाटकातल्या करुण रसाचा हा कळस समजला जातो. एम.ए.च्या वर्गात हा भाग शिकवीत असताना शिरपूरकडची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, सिंधू दळते म्हणून एवढं रडायचं काय? माझी आजी जन्मभर लोकांचं दळत होती. माय अजून कापूस वेचते. त्यांच्यावर तर कोणी नाटक नाही लिहिलं.” वर्ग हसला. मी तो तास तेथेच थांबवून तिला हे सगळे लिहून आणायला सांगितले.

तिने जे हेरले ते फार महत्त्वाचे आहे. पडण्यासाठी उंची लागते, तसा तळही लागतो. नाटककार नायकाला खाली ढकलतो आणि एका ठिकाणी प्रेक्षकाला जाणवते की आता याच्या खाली काही उरले नाही. ‘एकच प्याला’त तो तळ म्हणजे मोलाने दळणारी बाई. म्हणजे सुधाकर पडला तो कुठे? आमच्या अंगणात! जेथे आमच्या आज्या रोज पहाटे बसत होत्या, तेथे सिंधू येऊन बसली आणि सभागृह हुंदके देऊ लागले. त्या जागी आधीपासून बसलेली बाई रंगमंचावर नाही, तिचे नाव पात्रांच्या यादीत नाही.

येथे घाईने गडकऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे निबंधही मी वाचले आहेत. ते मला पटत नाहीत. गडकरींनी पांढरपेशा घराची जी दुर्दशा दाखवली, ती खोटी नाही. उलट सिंधूची शपथ आमच्या नजरेने वाचली तर ती अधिक मोठी दिसते. तिची उपासमार दारूने जेवढी झाली, तेवढीच पातिव्रत्याच्या कायद्याने झाली. नवऱ्याच्या हातून मूल गेले, स्वतः मरणाच्या दारी आली, तरी ती नवऱ्यालाच वाचवू पाहते. स्त्रीला बांधल्याशिवाय जात टिकत नाही, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. ‘सिंधू : आदर्श पतिव्रता’ असा विषय पंचविसाव्यांदा देणाऱ्या मार्गदर्शकाने तो निबंध एकदा तिच्या शेजारी ठेवून पाहावा. आणि तळीरामाची बायको गीता, जी नवऱ्याच्या व्यसनावर तोंड उघडून बोलते, तिच्यावर एकही निबंध माझ्याकडे तपासायला आलेला नाही. बोलणारी बाई विनोदी पात्रांत मोडते, सोसणारी शोकांतिकेत.

दारूचा इतिहास तर निबंधातून साफ गळतो. जणू दारू प्याल्यातच जन्मते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे सरकारी परवान्याखाली आले, आणि सातपुड्यातल्या भिलाने आपल्या घरी मोहाची फुले गाळली तर तो गुन्हेगार ठरू लागला. दारूवर सरकारचा महसूल उभा राहिला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला. म्हणजे प्याला सुधाकराच्या ओठाशी येण्याआधी कायदा, मक्ता आणि तिजोरी अशी मजल-दरमजल करीत आला होता. आमच्याच पश्चिम खानदेशात, तळोद्याच्या बाजूला, १९३० च्या दशकाच्या अखेरीस गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल जमत आणि दारू सोडण्याची शपथ घेत. १९३८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले. सुधाकर दारू सोडायचा प्रयत्न करतो तो एकट्याने, आणि हरतो. तिकडे एक समाजच्या समाज उठतो. हे दोन प्रसंग शेजारी मांडणारा निबंध धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या विद्यार्थ्याने लिहायचा नाही, तर कोणी लिहायचा?

आणि पाणी. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही १९७० च्या दशकातली एकांकिका आपल्या वाचकांना ठाऊक आहे. नावे एकाखाली एक लिहून पाहा. एका नाटकात माणूस ‘फक्त एक’ म्हणून प्याला उचलतो. उचलायचा की नाही, हे त्याच्या हाती आहे. दुसऱ्यात घोटभर पाण्यावरही माणसाची सत्ता नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर जी ओंजळ उचलली गेली, ती आमच्या इतिहासातली निवड. शोकांतिकेचे शास्त्र म्हणते की नायकाने निवड केली पाहिजे आणि ती चुकली पाहिजे. ज्याला निवडच नाकारली त्याचे दुःख मग ‘केवळ करुण’ ठरते, खालच्या पायरीवरचे. आर्थर मिलरने १९४९ मध्ये सामान्य माणसाला शोकांतिकेचा नायक केले. परंतु त्याच्या विली लोमनपाशीही घर होते, हप्ते होते, विकायला माल होता. माणूस म्हणून मोजले जाण्यासाठीच ज्याला लढावे लागते, तो मिलरच्याही पलीकडे उभा आहे.

त्या विद्यार्थिनीने लिहून आणलेली चार पाने वाढवून आता आराखडा केला आहे : ‘एकच प्याला आणि घोटभर पाणी : उंची, तळ आणि निवड’. एका जाणकाराने तो चाळून “हे समाजशास्त्र झाले, यात वाङ्मय कुठे आहे?” असे विचारले आणि दलित नाटकापुरताच विषय मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला. सनद, शपथ, जाते, प्याला हे सगळे गडकरींच्या संहितेत आहे. आम्ही ते बाहेरून आणलेले नाही. नायकाची उंची हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न आहे. ती उंची कशावरून मोजली, एवढेच विचारले की ते समाजशास्त्र कसे होते? हे उत्तर आम्ही लेखी दिले आहे. विषयात बदल केलेला नाही.

सध्या ती दळणाच्या मजुरीवर टिपण करते आहे. सुट्टीत गावी जाऊन तिने आजीला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना विचारून घेतले : पायलीभर ज्वारी दळायला किती वेळ लागे, किती मिळे, कोणत्या घरी जात्याला हात लावू देत आणि कोणत्या घरचे दाणे अंगणातूनच सुपात ओतले जात. मजुरी बहुधा पिठात मिळे, आणि पीठ वरून टाकले जाई. हे टिपण आराखड्याला जोडून पाठवले आहे.