टोस्टीचा विल्यम

परवा मुलाचा लीड्सहून फोन आला. "बाबा, बाळाला असं नाव सुचवा की इथल्या शाळेत पोरं हसणार नाहीत." मला एकदम टोस्टी आठवला.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या दीड-दोनशे वर्षांत गॉडविन, वुल्फस्टन, एथेलरेड ही तिथली जुनी नावं पाळण्यातून जवळजवळ नाहीशी झाली. तशी सक्ती कुणी केली नव्हती. बाराव्या शतकात व्हिटबीला एका मुलाचं नाव होतं टोस्टी. सवंगडी हसायचे, म्हणून त्याचा विल्यम केला. (पुढे डरहॅमच्या मठात गेला, तिथे तिसरं नाव मिळालं, बार्थोलोम्यू!) आपण अस्सल इंग्रजी समजतो तो विल्यम म्हणजे जेत्यांचं नाव, 'इच्छा' आणि 'शिरस्त्राण' यांचा जोडशब्द. एडवर्ड मात्र तिथलंच, अर्थ 'संपत्तीचा राखणदार'. संत एडवर्डवरच्या भक्तीपोटी तिसऱ्या हेन्रीने १२३९ साली आपल्या मुलाला ते दिलं, म्हणून राजघराण्यात परतलं.

मुलाला दोन नावं कळवली आहेत. एक त्याच्या अटीत बसणारं, नील. दुसरं बाळाच्या पणजोबांचं, दत्तात्रेय. अजून उत्तर नाही.