दुरुस्तीचा हक्क : लोहाराच्या भात्यापासून ट्रॅक्टरपर्यंत

वस्तू विकत घेतली म्हणजे तिच्यातले काय काय आपल्या मालकीचे होते? प्रश्न बाळबोध वाटेल. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली. आता मोडली तर आपण दुरुस्त करू किंवा पाहिजे त्याच्याकडून करून घेऊ, यात कोणाला काय विचारायचे? पण ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याला हाच प्रश्न घेऊन कायदेमंडळाची पायरी चढावी लागली आहे. ती वेळ कशी आली हे समजायला थोडे मागे, आपल्याच गावगाड्यात गेले पाहिजे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ नावाचे पुस्तक लिहिले. शिक्षकमित्रांपैकी पुष्कळांनी ते चाळले असेल. बलुत्याची रीत त्यात तपशिलाने आली आहे. नांगराचा फाळ बोथट झाला, कुळवाची फास झिजली की कुणब्याने ती लोहाराकडे न्यावी. लोखंड कुणब्याचे, बहुधा कोळसाही त्याचाच, आणि भाता ओढायला त्याचाच पोर. जू तडकले की सुताराकडे जावे. रोख काही द्यायचे नाही. सुगीला खळ्यावर रास पडली की बलुते घातले, झाले. नवी गाडी करायची तर मजुरी वेगळी ठरे. पण वर्षभराची डागडुजी बलुत्यातच. म्हणजे दुरुस्ती ही शेतकऱ्याच्या हक्काची गोष्ट होती. शिवाय तिच्यात गुपित असे काही नव्हते. फाळ कसा तापवला, कुठे ठोकला, हे भाता ओढणाऱ्या पोराने डोळ्यांनी पाहिलेले असे.

ही रीत फार चांगली होती असे मात्र मी म्हणणार नाही. शेतकऱ्याचा हक्क लोहाराच्या मानेवर जन्माने बसलेला होता. पायलीभर धान्य कमी पडले तरी त्याने कोणाकडे दाद मागावी? ती व्यवस्था मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही.

पुढे कारखान्याचे लोखंडी नांगर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, हे आपण जाणताच. या नव्या अवजारांबरोबर एक फरक गावात शिरला. ओतीव बिडाचा तुकडा गावच्या भट्टीत तापवून घडवता येत नाही. घण मारला तर तो फुटतो. तेव्हा मोडलेला भाग बदलायचा तर कारखान्यातूनच आणावा लागे. शेतकरी तेवढ्यापुरता परावलंबी झाला खरा. पण एकदा भाग हाती आला की पाना घेऊन तो कोणालाही बसवता येई.

असा भाग बदलणे मालकाच्या हक्कात बसते काय, हा वाद अमेरिकेत त्याच्याही आधी लढला गेला होता. वुडवर्थ नावाच्या माणसाने लाकूड रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. यंत्र वर्षानुवर्षे टिके, पण त्याची पाती साठ-नव्वद दिवसांत झिजत. पेटंटवाल्यांचे म्हणणे असे की, नवी पाती बसवणे म्हणजे नवे यंत्र करणेच होय, आणि तो अधिकार आमचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० साली हे म्हणणे फेटाळले. झिजणारे पाते बदलणे ही दुरुस्ती आहे, आणि यंत्र ज्याने विकत घेतले त्याला ती करता येते, असा निकाल झाला.

आता ट्रॅक्टरकडे या. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये लोखंडाइतकाच संगणक असतो. एखादा सेन्सर बिघडला की यंत्र स्वतःच मंदावते किंवा थांबते. शेतकऱ्याने नवा सेन्सर बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने तो ‘ओळखला’ पाहिजे, आणि ते पुरे सॉफ्टवेअर असते विक्रेत्याकडे. पाऊस तोंडावर आलेला, पीक उभे, आणि माणूस विक्रेत्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला! जॉन डिअर कंपनीने २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे अशी भूमिका मांडली की, ट्रॅक्टरमधल्या सॉफ्टवेअरचा शेतकऱ्याला केवळ वापराचा परवाना असतो. म्हणजे लोखंड तुमचे, अक्कल आमची. त्याच वर्षी त्या कार्यालयाने दुरुस्तीसाठी कुलूप उघडण्याची सवलत दिली. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेती-यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने या कंपनीवर खटलाच भरला. कंपन्या सुरक्षिततेचे आणि धुराच्या नियमांचे कारण देतात. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. पण दोष कुठे आहे हे पडद्यावर वाचायलाही मनाई कशासाठी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आपल्याकडे हा झगडा मोटारींवरून पेटला. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी लावली. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या मेस्त्रीला मिळू द्यायची नाहीत, असा व्यवहार आढळला. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. पण बाहेरचा मेस्त्री हाही बाजारातला हक्काचा माणूस आहे, ही गोष्ट तेव्हा प्रथमच एवढ्या ठळकपणे कागदावर आली.

फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापायला लावले, दहापैकी किती, असे. मोबाईल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी, धुलाईयंत्र आणि गवत कापण्याचे यंत्र एवढ्याच वस्तू त्या पहिल्या यादीत होत्या, ट्रॅक्टर नव्हता. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तेव्हा मात्र मोटारी, मोबाईल व घरगुती उपकरणे यांच्या जोडीला शेतीची अवजारे पहिल्यापासूनच धरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. सुटे भाग कुठे मिळतात, दुरुस्ती कोण करतो, हमी किती, ही माहिती कंपन्यांनी तेथे ठेवावी अशी योजना आहे. ठेवावी असे म्हटले आहे. ठेवलीच पाहिजे असे म्हणणारा वेगळा कायदा त्या दिवशी झाला नव्हता.